पूर्वेच्या भिंतीचे वहिवाटदार

अख्ख्या मराठवाड्यात, लग्नाच्या बैठकीत मुलीच्या आईबापाकडे भिंत मागणारा व्याही आमच्याखेरीज आणखी कुणाला मिळाला असेल, तर त्यानं मला येऊन भेटावं, चहा माझ्याकडून. लोकांच्या व्याह्यांना पहिली पंगत लागते, फेटा लागतो, पत्रिकेत नाव बारीक छापलं म्हणून रुसायला लागतं. आमच्या व्याह्यांना यातलं काही म्हणजे काही नको होतं. ते आमच्या स्वातीला बघायला आले तेव्हा त्यांनी स्वातीकडे धड पाहिलंसुद्धा नाही. पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं, "घराचं तोंड कुठं म्हणायचं?" आणि उत्तर ऐकायच्या आत बशीसकट अंगणात चालते झाले. मी खिडकीतून बघते तर गृहस्थ घराच्या पूर्वेकडच्या भिंतीला पाठ लावून, एक डोळा मिटून, उन्हाकडे बघत उभे. मग त्यांनी पावलं मोजली. मग वाकून चिमूटभर माती उचलली आणि वास घेतला. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई मी, माणसाच्या चेहऱ्यावरून ताप सांगते. मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढून म्हटलं, "अहो, हा माणूस घराची किंमत काढतोय. सांभाळून राहा." हे म्हणाले, "हं." आमचे हे प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणतात.

बैठकीला माझा जीव टांगणीला लागला होता. मुलगा चांगला होता, निखिल, पुण्यात नोकरीला, बोलायला गोड. स्वातीला पसंत होता. आई लहानपणीच गेलेली, वडिलांनी एकट्यानं वाढवलेला. सगळं जुळत होतं आणि म्हणूनच मला धास्ती होती. व्याह्यांनी घसा खाकरला. "घेणं नाय, देणं नाय, मानपान नाय," ते म्हणाले. "पण माझं एक मागणं हाय." सुपारीच्या ताटावर गेलेला आमच्या ह्यांचा हात तिथंच थांबला. माझे भाऊ सरसावून बसले. व्याह्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला आणि वाचलं, "तुमच्या घराची पूर्वेची भिंत. तिच्या पायथ्याची जागा, लांबी नऊ फूट, रुंदी चार फूट. मालकी तुमची, वहिवाट माझी. मंजूर असंल तर सुपारी फोडा." कुणाला काही कळेना. शेवटी माझ्या थोरल्या भावानंच विचारलं की तिथं करणार काय? व्याही लाजले. सत्तरीकडे झुकलेला माणूस इतका लाजताना मी त्याआधी पाहिला नव्हता. म्हणाले, "एक वेल लावायचाय."

तर हे आमचे व्याही. मूळचे लासूर स्टेशनकडचे, सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात. गावोगाव जाऊन भांडणाऱ्या भावाभावांच्या मध्ये साखळी टाकायची, हद्दीचे दगड रोवायचे, नकाशा काढायचा, दोन्हीकडच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचं. नोकरी संपल्यावर हाती आला तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, ज्याच्या खिडकीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसत. "लोकांचे हजारो एकर मोजले, विहीणबाई, आन् माझ्या नावावर कुंडीभर माती नाय," हे ते अगदी हसत सांगत. ऐन तरुणपणी ऑफिसनं त्यांना एकदाच ट्रेनिंगला डेहराडूनला धाडलं होतं. तिथल्या सरकारी गेस्टहाउसच्या व्हरांड्यावर एक वेल चढला होता. जांभळी फुलं, एकेक तळहाताएवढं. माळ्यानं नाव सांगितलं क्लेमाटिस, ते व्याह्यांनी एसटीच्या नव्हे, तिथल्या बसच्या तिकिटामागं लिहून घेतलं आणि ठरवलं की आपलं अंगण झालं की हाच लावायचा. तिकीट चाळीस वर्षं पाकिटात राहिलं. अंगण काही झालं नाही. गावातल्या एकूण एक नर्सरीवाल्यानं त्यांना सांगितलं की काका, हा थंड हवेचा वेल, आपल्या संभाजीनगरात मे महिन्यात माणसं टिकत नाहीत, तिथं हा काय टिकतोय! व्याह्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मुलासाठी मुलगी बघताना मुलीच्या घराची दिशा बघायला सुरुवात केली. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली पडेल अशी भिंत त्यांना हवी होती. आमच्या आधी तीन स्थळं त्यांनी पश्चिमेच्या उन्हापायी नाकारली, हे मला नंतर निखिलनं सांगितलं. म्हणजे माझ्या लेकीचं लग्न जमलं ते पत्रिकेमुळे नाही, सिडकोनं प्लॉट कसा पाडला यामुळे.

मांडवपरतणीला लोक मिठाई घेऊन येतात, आमचे व्याही मोजणीची साखळी घेऊन आले. नऊ फूट आणि चार फूट, अर्ध्या इंचाचा फरक नाही. चार कोपऱ्यांना चार दगड रोवले, त्यांना चुना फासला. पण त्याआधी नोटीस! मोजणीआधी शेजारच्या जमिनीवाल्यांना नोटीस द्यावी लागते. ती दिल्याशिवाय साखळी जमिनीला टेकवायची नाही, हा त्यांचा धर्म. त्यांनी घरूनच लिहून आणली होती. 'लगतचे कब्जेदार' म्हणून तीन नावं: उत्तरेस तुळस, दक्षिणेस धुण्याचा दगड आणि पूर्वेस शेजारच्यांची बोकी मांजर, जी रोज तिथं लोळायची. 'आपण जातीनं हजर राहावे, गैरहजर राहिल्यास मोजणी एकतर्फी करण्यात येईल,' असं खाली ठणकावून लिहिलेलं. तुळशीच्या आणि दगडाच्या वतीनं मी सही केली. बोकी पळून गेली म्हणून तिची नोटीस त्यांनी नियमाप्रमाणे कंपाउंडवर डकवली. नवी नवरी स्वाती ओसरीवर बसून पोट धरून हसत होती आणि सारखी म्हणत होती, "नाना, तुम्ही लई भारी आहात हो." नाना म्हणजे आमचे व्याहीच. तिनं पहिल्या दिवसापासून त्यांना नानाच म्हटलं.

त्या वेलाचा एक कायदा आहे. पाय सावलीत, डोकं उन्हात. मुळं गार राहिली पाहिजेत आणि शेंड्याला सकाळचं ऊन मिळालं पाहिजे. व्याह्यांनी हा कायदा वेलाला लावला तो लावलाच, पण येणाऱ्याजाणाऱ्याला पण लावला. आमच्याकडे पोस्टमन आला तरी त्याला म्हणायचे, "चपला सावलीत काढ बाबा, पाय तापले की माणूस तापतो." ह्यांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा मी गोळ्या देत होते आणि ते ह्यांचे पाय ओल्या फडक्यात गुंडाळत होते. प्रेशर उतरलं. कशानं उतरलं यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. रोज सकाळी सातच्या ठोक्याला त्यांची जुनी स्कूटी फाटकाशी थांबायची, पायांमध्ये पाण्याचे दोन कॅन. कारण आमच्याकडे नळ येतो आठ-आठ दिवसांनी आणि पाण्याच्या दिवशी मी कुणाशी धड बोलत नाही. "तुमच्या पाण्याला हात लावणार नाय," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तिसऱ्या मजल्यावरून स्वतःच्या वाटणीचं पाणी उतरवून आणायचे आणि वेलाला घालायचे. मग प्लास्टिकच्या खुर्चीवर, तीसुद्धा हद्दीच्या दगडाबाहेर ठेवून, पाय खुर्चीखालच्या सावलीत ओढून, तासभर बसायचे.

पहिला वेल डोंगरातल्या कुठल्याशा नर्सरीतून कुरिअरनं आला आणि एप्रिलमध्ये गेला. दुसरा लाडानं गेला. आमच्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजली. दोन्ही वेळेला व्याह्यांनी खाली मान घालून खड्डा साफ केला, पुढच्या वेळी काय करायचं ते वहीत लिहिलं आणि चहा न घेता गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी खड्ड्यात विटांचे तुकडे, मुरूम आणि शेणखत घातलं, भोवती अबोलीची रोपं लावली आणि वेल लावला तो इतका खोल की मला राहवेना. "अहो भाऊसाहेब, झाड लावताय की पुरताय?" ते म्हणाले, "दोन पेरं मातीच्या खाली पायजेत, विहीणबाई. वर जे दिसतं ते जाईल-येईल. वेल खाली असतो." उन्हाळ्यात अबोली कोमेजली तेव्हा माझी चांगली, फुलाफुलांची छत्री बुंध्यावर उघडून बसवली. गल्लीतली लोकं मला विचारायची, "सिस्टर, छत्रीखाली कोण बसलंय?" काय सांगणार, कप्पाळ!

आणि ते नाडे! हा वेल काही वाट्टेल त्याला धरत नाही. त्याला हात नसतात. पानाच्या देठानं विळखा घालतो, आणि देठ तो केवढा, जाड काही त्याच्या विळख्यात मावतच नाही. बांबू लावला, तर खाली घसरला. तार लावली, तर तापून देठ करपले. मग एके दिवशी व्याही पायजम्याच्या नाड्यांचं भेंडोळं घेऊन आले आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत, ओळंबा लावून, सरळ रेषेत चौदा नाडे टांगले. चार दिवसांत वेलानं पहिला नाडा धरला. व्याह्यांनी मला हात धुवायलाही सवड न देता बाहेर बोलावलं. देठानं नाड्याला दोन वेढे दिले होते. "बघा," ते हळूच म्हणाले, "सोडवून दाखवा." मी बोटानं सोडवायला गेले, सुटेना. पोरानं परीक्षा पास केल्यावर बाप व्हावा तितके ते खूश झाले.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत फूल आलं. दोन आली. जांभळी, तळहाताएवढी, अगदी त्यांनी सांगितली तशीच. ते पाकिटातून तिकीट काढून फुलाशेजारी धरून उभे राहिले, जणू माळ्यानं दिलेलं नाव आणि फूल जुळतंय का ते तपासत होते. मग गल्लीत पेढे वाटले. माझ्या दवाखान्यातल्या मैत्रिणी बघायला आल्या. पुण्याहून स्वातीनं व्हिडिओ कॉल केला, तर त्यांनी मोबाइल फुलाच्या इतका जवळ नेला की तिला नुसतं जांभळं दिसलं. ती म्हणाली, "नाना, मांजरीनं सही केली का?" पण तिचा चेहरा ओढलेला होता. मी तो बघितला आणि पेढ्यांच्या गडबडीत विसरले.

त्या पावसाळ्याच्या तोंडावर पोरांनी सांगितलं की आम्ही वेगळे होतोय. कुणाचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. ती दोघं भांडतसुद्धा नव्हती. भांडली असती तर मी मध्ये पडले असते, दोघांना दोन रट्टे दिले असते. दोन चांगली माणसं एका घरात गप्प बसून होती आणि ते त्यांना आणखी सोसेना. कागदपत्रं झाली. मला मात्र राग कुणावर तरी काढायचाच होता. लेक माझी, तिच्यावर कसा काढू? जावई समोर नव्हता. राहिले कोण, तर रोज सात वाजता फाटकाशी येणारे.

मग एके दिवशी ते सातला आले नाहीत, दहाला आले. कॅन नव्हते. बूट घालून, इस्त्रीचा शर्ट घालून आले, ऑफिसला जावं तसे. माझ्याशी बोलले नाहीत. अंगणात गेले, खाली बसले आणि चारी कोपऱ्यांचे दगड एकेक करून उपसून काढले. उन्हात कपाळावरून घाम गळत होता. दगड भिंतीशी रचून ठेवले, हात झटकले आणि खिशातून कागद काढून आमच्या ह्यांच्या हातात दिला. 'पूर्वेच्या भिंतीखालील नऊ फूट बाय चार फूट जागेचा ताबा आज रोजी स्वखुशीनं सोडला आहे. वेल मूळ मालकांचा. उपटल्यास हरकत नाही.' खाली सही. "माझं पोरगं तुमच्या पोरीला नीट सांभाळू शकलं नाय," ते म्हणाले. "मग मी कुठल्या तोंडानं बसू इथं?" हे "हं" म्हणाले. मी दारात उभी होते. चहा घेता का, एवढंसुद्धा मी म्हटलं नाही. फाटकाशी कोयंडा अडकत होता, तो त्यांना दोन-तीनदा खटपट करून लावावा लागला, आणि मी तशीच बघत राहिले. त्याची मला अजून लाज वाटते.

वेलाला मी पाणी घातलं नाही. मग पावसानं घातलं. तो कार्टा सगळे नाडे धरून खिडकीपर्यंत चढला आणि मला आणखी राग आला. आणि मग श्रावणातल्या एका सकाळी बघते तर सगळा वेल, वरपासून खालपर्यंत, काळा पडून लोंबतोय. आदल्या दिवशी हिरवागार आणि आज प्रेत. गेलेलं माणूस मी खाटेपासून दहा हातांवरून ओळखते, हा तर वेल. मी ह्यांना हाक मारून म्हटलं, "संपलं." आम्ही दोघांनी कात्रीनं सगळं कापून काढलं. नाडे रिकामे लोंबायला लागले. मी म्हटलं मूळही उपटून टाकू, तर हे पहिल्यांदाच दोन शब्द बोलले. म्हणाले, "राहू दे."

दिवाळीला स्वाती आली. मी कुदळ काढून ठेवली होती. त्या जागेत मला कढीपत्ता लावायचा होता. चकल्या तळता तळता तिनं विचारलं, "आई, नानांचा वेल?" मी म्हटलं, मेला. "नानांना सांगितलंस?" मी म्हटलं, "त्यांना काय सांगायचं? ते आता आपले कोण?" तिनं झारा कढईवर आडवा ठेवला, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली. "आई, घटस्फोट माझा झालाय. तुझा नाही झालेला." मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मी दर रविवारी बोलते त्यांच्याशी. पाय गार ठेव म्हणतात. तुमची चौकशी करतात. वेलाबद्दल एक शब्द विचारत नाहीत, बिचारे, मी सांगेन म्हणून वाट बघतात." चकली करपली. ती करपलेली चकली मीच खाल्ली.

फोन करायला मला दोन दिवस लागले. "बोला, ताई," ते म्हणाले. चार वर्षं 'विहीणबाई' ऐकायची सवय झालेल्या कानाला ते 'ताई' असं लागलं की मी घाईघाईनं म्हटलं, "भाऊसाहेब, पेशंट गेला. श्रावणात." पलीकडून आवाज आला, पण तो मोजणीवाल्याचा. "एका दिवसात काळा पडला का?" होय. "कापला का?" जमिनीपासून. "खणला का?" नाही. "मग गेला कशावरून म्हणता? खणून बघितल्याबिगर हद्द सांगत नसतात, ताई. दोन पेरं खाली हायेत. गारवा ठेवा, पाणी बेतानं, आन् वाट बघा." मी म्हटलं, तुम्हीच या ना बघायला. ते म्हणाले, "ताबा सोडलाय मी," आणि फोन ठेवला.

मी गारवा ठेवला. भाज्या धुतलेलं पाणी, तांदळाचं पाणी, जे काही वाचेल ते बुंध्याला. छत्री पुन्हा उघडली. रोज सकाळी उकिडवी बसून मातीकडे बघत होते, ह्या गुडघ्यांनी! आणि डिसेंबरात, थंडीनं काकडत बघते तर अबोलीच्या आडून तांबूस, नखाएवढे दोन कोंब. मी तिथंच रडले. पेशंट गेला असं मी पस्तीस वर्षांत कधी चुकीचं सांगितलं नव्हतं, आणि चुकल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. फोन लावला. "किती इंच?" त्यांनी विचारलं. मी शिवणाची टेप आणली. त्या दिवसापासून रोज सातला फोन. मी इंच सांगायची, ते वहीत लिहायचे. आठ इंच. अकरा. "नाडा नवा बांधा, जुना कुजला असंल." दोन फूट. पण येतो म्हणायचं नाव नाही. मी बोलावलं, ह्यांनी बोलावलं, स्वातीनं बोलावलं. एकच उत्तर: वहिवाट संपली. कळ्या आल्या तेव्हा मी मोजल्या, अकरा, आणि फोनवर सांगितल्या, तर त्यांचा श्वास जोरात ऐकू आला, पण ते नाहीच म्हणाले. इतका हट्टी माणूस! चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्यांच्याविना फुलून गळून जाणार होतं आणि त्यांना ते फक्त माझ्या टेपवरून कळणार होतं.

मग मला सुचलं. त्यांची जुनी नोटीस मी देवघराच्या खणात ठेवली होती. ती समोर ठेवून, त्याच सरकारी भाषेत, मी नवी लिहिली. 'पूर्वेच्या भिंतीखालील जागेची फेरमोजणी येत्या रविवारी सकाळी सात वाजता करण्यात येणार आहे. आपण लगतचे कब्जेदार या नात्यानं जातीनं हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी एकतर्फी करण्यात येईल.' हे स्वतः जाऊन तिसरा मजला चढून देऊन आले आणि सही घेऊन आले. मी विचारलं, काय म्हणाले? हे म्हणाले, "तीनदा वाचली." सगळी नोकरी लोकांना हजर राहा म्हणून लिहिणारा माणूस, स्वतःच्या नावाची नोटीस आली तर तो घरी बसून राहणं शक्यच नव्हतं.

रविवारी पावणेसातलाच स्कूटी थांबली. पण ते आत आले नाहीत. सात वाजेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहिले. वाळले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. हातात साखळीची पिशवी. सातला म्हणाले, "नोटीस मिळाली. हजर हाय." मी पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवला. "पाय धुवा आधी." ते तांब्याकडे बघत राहिले. "आज तुमचा पाण्याचा दिवस नाय." मी म्हटलं, "कधी पाणी येतं ते मला माहीत आहे. धुवा." त्यांनी अर्ध्या तांब्यानं पाय धुतले आणि उरलेला अर्धा जाऊन वेलाच्या बुंध्याला घातला. तीन फुलं उमलली होती. त्यांनी आधी फुलांकडे पाहिलंच नाही. वाकून माती दाबली, गार आहे का बघितली, मग हळूहळू नाड्यावरून वर बघत गेले. मी पदर डोळ्यांना लावला आणि हे घरात निघून गेले.

दगड मी आदल्या दिवशीच पुन्हा रोवले होते, चुनाही फासला होता. त्यांनी साखळी टाकली. पुन्हा टाकली. कपाळाला आठ्या घातल्या. "विहीणबाई, हे चूक हाय. बारा फूट भरतंय. नऊ होतं आपलं." विहीणबाई म्हटलेलं त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं; मीही आणून दिलं नाही. मी म्हटलं, "चूक नाही. खुर्ची हद्दीबाहेर राहत होती. आत घेतली." साखळी गुंडाळायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मग खुर्चीवर बसले, नाक ओढलं आणि म्हणाले, "पंचनामा लिहावा लागंल. लगतच्यांच्या सह्या लागतील." ह्यांनी सही केली, मी केली, आणि बोकीच्या वतीनं पुन्हा मीच केली.

आता रोज येतात. दोन कॅन जमत नाहीत, एकच आणतात, आणि उरलेलं पाणी मी घालते. त्यावर आम्ही कुणी बोलत नाही. परवा सकाळीच हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला आलेल्या एकीनं खिडकीतून बघून हळूच विचारलं, ते बाहेर बसलेत ते कोण? मी म्हटलं, आमचे व्याही. "अगं, पण मुलीचं तर..." मी म्हटलं, "मुलीचं मोडलं. आमची वहिवाट चालू आहे," आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. ती गेल्यावर मी बाहेर आले. ते खुर्चीवर बसल्याबसल्याच झोपले होते, वही मांडीवर, मान कलती. या वर्षी वेल अजून फुलला नव्हता. नुसता धरून उभा होता. ऊन सरकत त्यांच्या पायांवर आलं होतं. अबोली आता दाट झाली आहे, बुंध्याला तेवढी पुरते. मी छत्री तिथून उचलली आणि त्यांच्या पायांवर सावली येईल अशी आणून ठेवली.